कॉट बेसिसवर आलेला ताप: पुण्यात शिकणाऱ्यांसाठी फ्लूची तयारी आणि उपचार

जुलै लागला की पुण्यात दोन आवाज एकदमच सुरू होतात. नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव आणि होस्टेलच्या खोल्याखोल्यांतून खोकला. लातूर, जळगाव, सोलापूर, यवतमाळहून आलेली नवी पोरं याच सुमारास सदाशिव पेठेत, कर्वेनगरात, कात्रजला तीन-चार जणांत एक खोली घेऊन राहायला लागलेली असतात. पावसाने खिडक्या बंद, कपडे खोलीतच वाळत टाकलेले आणि चौघांत एक पंखा. फ्लूच्या विषाणूला याहून जास्त काही लागत नाही.

पश्चिम महाराष्ट्रात फ्लूचे दोन हंगाम येतात. मोठा पावसाळ्यातला, साधारण जुलै ते सप्टेंबर. दुसरा जानेवारी ते मार्च. दोन्ही नेमके सबमिशन, स्पर्धा आणि परीक्षांच्या तोंडावर.

बहुतेक धडधाकट तरुणांना फ्लू चार-पाच दिवसांत सोडून जातो. वसतिगृहाचं काम पाहताना मला पोरं खरी अडचणीत आलेली दिसली ती एकटी पडल्यामुळे. खोलीतले बाकीचे लेक्चरला, फोन सायलेंटवर, दुपारची मेस चुकलेली, आणि हा तापलेला मुलगा संध्याकाळपर्यंत घोटभर पाणी पिऊन पडलेला. म्हणून पुढे औषधांइतकीच जागा माणसांच्या व्यवस्थेला दिली आहे.

स्वाइन फ्लू म्हटलं की

पुण्याला या आजाराची जुनी धास्ती आहे. ३ ऑगस्ट २००९ रोजी देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू इथेच नोंदला गेला, एका शाळकरी मुलीचा. नायडू रुग्णालयातल्या तपासणीच्या रांगा, तोंडाला रुमाल बांधून फिरणारं शहर, बंद शाळा-कॉलेजं आणि थिएटरं तेव्हाच्या पुणेकरांना अजून आठवतात. तो एच१एन१ विषाणू त्यानंतर नाहीसा झाला नाही. तो आता नेहमीच्या मोसमी फ्लूचाच एक प्रकार आहे. त्याच्या जोडीला एच३एन२ आणि इन्फ्लुएन्झा बी असतात. त्यामुळे रिपोर्टवर ‘एच१एन१ पॉझिटिव्ह’ दिसलं तरी उपचार त्याच धर्तीचे आहेत. गावाकडे फोन करताना एवढं आधी सांगा, नाहीतर आई-बाबा रात्रीच्या एसटीने स्वारगेटला हजर होतात.

पायरी पहिली: लस, पावसाच्या आधी

फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीत कोणते विषाणू असावेत ते सुचवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. नकाशात आपण उत्तरेला असलो तरी आपला मोठा हंगाम पावसाळ्यातला आहे. त्यामुळे मे-जूनमध्ये लस घेताना डॉक्टरांना विचारावं, ‘ही या वर्षीची, दक्षिण गोलार्धाची आहे ना?’ टोचल्यापासून संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. प्रवेशच ऑगस्टमध्ये झाला असेल तर ऑगस्टमध्ये घ्या. उशिरा घेतलेली लसही वाया जात नाही.

खासगी दवाखान्यात एका डोसला साधारण हजार ते अडीच हजार रुपये पडतात. महिन्याची मेस भरणाऱ्या मुलासाठी ही रक्कम लहान नाही, हे मला कळतं. पैसे मोजकेच असतील तर आधी कुणी घ्यावी याचा क्रम ठरलेला आहे. दमा, मधुमेह, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, सिकलसेल, थॅलेसेमिया, जास्त लठ्ठपणा असलेल्यांनी आणि स्टेरॉइडसारखी प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेल्यांनी टाळाटाळ करू नये. विवाहित विद्यार्थिनी गरोदर असेल तर तिनेही. नर्सिंग आणि मेडिकलच्या मुलांना वॉर्डात जावंच लागतं, त्यामुळे त्यांचाही नंबर वरचा.

लस घेऊनही फ्लू होऊ शकतो. विषाणूशी मेळ चांगला बसलेल्या वर्षी ती आजार होण्याची शक्यता ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते, आणि झालाच तरी तो गंभीर व्हायचं प्रमाण घटतं. दंड दुखणं, एखादा दिवस कणकण एवढाच त्रास होतो. दंडात टोचायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, तेव्हा ‘लशीनेच फ्लू झाला’ ही मेसमधली चर्चा मेसमध्येच सोडून द्यावी.

पायरी दुसरी: ताप नसताना करायची कामं

खोलीत एक डबा भरून ठेवा. त्यात डिजिटल थर्मामीटर, ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलची एक पट्टी, ओआरएसची चार-पाच पाकिटं, पाच-सहा मास्क आणि साबण. चौघांनी वर्गणी काढून एक पल्स ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र, घेतला तर उत्तम. दम्याचा पंप असलेल्याने तो संपत आलाय का ते आत्ताच बघावं.

डब्याच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवा. प्रत्येकाचं नाव, रक्तगट, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, घरचा नंबर, जवळच्या डॉक्टरांच्या वेळा. आरोग्य विमा असेल तर कार्डाचा फोटो एकमेकांच्या फोनमध्ये असू द्या.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, जोडीदार ठरवा. प्रत्येकाचा एक सोबती. आजारी पडल्यावर सोबत्याने दिवसातून किमान तीनदा प्रत्यक्ष बघायचं किंवा फोन करायचा, आणि फोन उचलला नाही तर खोलीवर जायचं. सोबती शक्यतो दुसऱ्या खोलीतला निवडा, कारण एकाच खोलीतले चौघे एकाच आठवड्यात आडवे झालेले मी पाहिले आहेत. एकट्याने फ्लॅट घेऊन राहणाऱ्याने एक किल्ली मित्राकडे किंवा घरमालक काकूंकडे द्यावी. मुलांना हे लाजिरवाणं वाटतं. मुली हे न सांगता करतात असं माझं निरीक्षण आहे.

पायरी तिसरी: हवा, हात आणि तालमीची खोली

फ्लू मुख्यतः खोकताना, शिंकताना, मोठ्याने बोलताना उडणाऱ्या थेंबांतून पसरतो. लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासून ते पुढे पाच-सात दिवस माणूस तो दुसऱ्याला देत असतो. म्हणजे कोण आजारी आहे हे कळायच्या आत निम्मं काम झालेलं असतं. अशा वेळी खोलीत खेळती हवा असणं सगळ्यांत उपयोगी पडतं.

समोरासमोरच्या दोन खिडक्या, किंवा खिडकी आणि दार, रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा तास तरी उघडे ठेवा. इथे डास आडवे येतात. डेंगीच्या भीतीने संध्याकाळी खिडकी लावायची आणि फ्लूसाठी ती उघडायची, यातून सुटका एकच: खिडकीला जाळी. बाजारात चिकटपट्टीची जाळी मिळते आणि घरमालकाला विचारायचीही गरज पडत नाही.

अभ्यासिकांची गोष्ट अवघड आहे. एसी चालू, काचा बंद, खांद्याला खांदा लागेल अशा जागा, आणि महिन्याचे पैसे भरलेत म्हणून तापातही येऊन बसणारा उमेदवार. शक्य असेल तर उघडणाऱ्या खिडकीजवळची जागा घ्या आणि हंगामात मास्क लावा. स्कूटीवर तोंडाला गुंडाळायचा स्कार्फ धुळीसाठी ठीक आहे. फ्लूसाठी सर्जिकल मास्क किंवा एन९५ लागतो.

पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या, तालमी करणाऱ्यांनी जास्त जपावं. बंद खोली, तासन्‌तास चढ्या आवाजातले संवाद, तोंडासमोर तोंड. एकाला ताप आला की आठवड्यात अर्धी एकांकिका घसा धरून बसते. कणकण वाटणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवा, मग तो नायक असला तरी. त्या मानाने ढोल पथकाचा सराव उघड्यावर असल्याने बरा. तिथला धोका एकाच बाटलीला दहा तोंडं लागण्यात आणि खच्चून भरलेल्या टेम्पोत असतो.

हातांबद्दल सगळं ऐकून झालंय, एवढंच सांगतो की बसमधून, मेट्रोतून उतरल्यावर आणि जेवणाआधी साबणाने वीस सेकंद. कठीण पृष्ठभागांवर हा विषाणू एक-दोन दिवस टिकू शकतो. शिंक कोपरात घ्यावी.

ताप आला: पहिला दिवस

संसर्गानंतर साधारण दोन दिवसांत, कधी एक तर कधी चार, लक्षणं येतात. फ्लू एकदम येतो. सकाळी बरा असलेला मुलगा दुपारी थंडी वाजून पांघरुणात शिरतो. ताप १०१-१०३, अंग ठणकणं, डोकेदुखी, कोरडा खोकला, घसा. साधी सर्दी हळूहळू चढते आणि तिच्यात नाक जास्त वाहतं, अंग कमी दुखतं.

पुण्यात पावसाळ्यात दुसरा संशयित कायम उभा असतो, तो म्हणजे डेंगी. खोकला-घसा नाही, डोळ्यांच्या मागे दुखतंय, सांधे मोडून आलेत, अंगावर लालसर पुरळ आहे, पोटात दुखतंय असं असेल तर डेंगीचा विचार आधी करा. खोकला आहे म्हणून डेंगी नाहीच असं मात्र समजू नका. ताप दोन दिवसांहून जास्त राहिला तर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे रक्ताची तपासणी करून घ्या. डेंगीची एनएस१ चाचणी पहिल्या पाच दिवसांतच जास्त उपयोगी असते.

पहिल्या दिवशी करायचं ते असं:

१. सोबत्याला आणि घरी कळवा. रेक्टरांनाही.

२. ताप मोजून वेळेसह लिहा, दर सहा तासांनी. ‘रात्री खूप ताप होता’ यापेक्षा ‘रात्री दहाला १०२.४’ हे डॉक्टरांना शंभरपट कामाचं.

३. खोलीत मास्क लावा, आपली कॉट खिडकीकडे सरकवा, ताट-वाटी-टॉवेल वेगळे. बाकीच्यांनी शक्यतो डोक्याकडे पाय करून, म्हणजे तोंडं लांब राहतील असं झोपावं.

४. वर्गशिक्षकांना मेल टाका.

५. लशीच्या पायरीत दिलेल्या जोखमीच्या यादीत (दमा, मधुमेह, गरोदरपण वगैरे) तुम्ही बसत असाल तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

औषधं: कमी आणि नावं माहीत असलेली

तापासाठी आणि अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल पुरेसं आहे. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसात चारच्या वर नाही. कावीळ होऊन गेली असेल, यकृताचा त्रास असेल किंवा रोजची दारू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

सर्दीच्या तयार गोळ्यांत बहुतेकदा पॅरासिटामॉल आधीच असतं, हे अनेकांना माहीत नसतं. सर्दीची एक, तापाची एक, अंगदुखीची एक अशा तीन गोळ्या घेणारा मुलगा प्रत्यक्षात तेच औषध तीनदा घेत असू शकतो. पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचा, आणि सुट्या कापून दिलेल्या गोळ्या असतील तर प्रत्येकीचं नाव मेडिकलवाल्याकडून कागदावर लिहून घ्या. नाव सांगता येत नाही अशी गोळी तोंडात टाकू नका.

डेंगीची शक्यता असेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन घ्यायचं नाही. रक्तस्रावाचा धोका वाढतो. अकरावी-बारावीच्या मुलांनी तर फ्लूत ॲस्पिरिन मुळीच घेऊ नये, त्या वयात त्यातून राय सिंड्रोम नावाचा मेंदू आणि यकृताचा गंभीर विकार होऊ शकतो.

अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिनचा तीन दिवसांचा कोर्स पुण्यात जणू पावसाळी खाऊ झाला आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरतो तो आपला आपण, आणि श्रेय गोळीला जातं. जिवाणूंचा संसर्ग वर चढला आहे असं डॉक्टरांनी तपासून सांगितलं तरच घ्या, आणि मग कोर्स पुरा करा.

ओसेल्टामिविर हे मात्र फ्लूवरचं खरं औषध. मोठ्यांना ७५ मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, पाच दिवस. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर जास्त फायदा. आजार साधारण एका दिवसाने आखडतो. जोखमीच्या रुग्णाला किंवा दवाखान्यात दाखल झालेल्याला डॉक्टर उशिरानेही देतात. मळमळ होते, म्हणून जेवणानंतर घ्या. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि मिळूही नये.

सरकारी मार्गदर्शनात रुग्णांचे तीन गट केले आहेत. सौम्य ताप-खोकला म्हणजे ‘अ’: चाचणी नको, ओसेल्टामिविर नको, घरीच थांबा आणि २४ ते ४८ तासांनी पुन्हा तपासून घ्या. जास्त ताप आणि घसा खूप दुखणारे, तसेच जोखमीचे रुग्ण ‘ब’ मध्ये येतात; त्यांना डॉक्टर औषध सुरू करतात, घशाच्या स्वॅबची वाट बघत नाहीत. ‘क’ म्हणजे धाप लागणारे, छातीत दुखणारे. त्यांची चाचणी आणि भरती. म्हणून साध्या तापात काही हजार खर्चून चाचणी करा असं सोबत्याने सुचवलं तरी डॉक्टरांना आधी विचारा.

खाणं-पिणं, मेसच्या कृपेने

तापात पाणी जातं आणि भूक मरते. दिवसभरात अडीच-तीन लिटर द्रव पोटात जायला हवं, थोडं थोडं करून. ओआरएसचं पाकीट किती पाण्याचं आहे ते वाचून पूर्ण पाकीट एकदमच मिसळा. मोठं पाकीट एक लिटरचं, लहान २०० मिलिलिटरचं असतं. ओआरएससारखी दिसणारी गोड खोकी वेगळी, ती नकोत. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय असं समजा.

मेसवाल्या काकूंना सोबत्याने फोन करावा: ‘काकू, चार दिवस डब्यात मऊ भात आणि वरण द्याल का, तिखट नको.’ बहुतेक काकू नाही म्हणत नाहीत, उलट तूप जास्तच घालतात. मुगाची खिचडी, तांदळाची पेज, केळं, उकडलेलं अंडं चालेल. गवती चहा-आलं, मध, मिठाच्या गुळण्या यांनी घसा शेकतो आणि बरं वाटतं. विषाणू त्याने मरत नाही, पण बरं वाटणं हेही काम आहे. काढ्याचा अतिरेक करून पोट बिघडवू नका.

वाफारा घ्यायचाच तर टेबलावर ठेवलेल्या भांड्यातून, सावधपणे. रेक्टरांना दिसू नये म्हणून कॉटखाली लपवलेल्या कॉइलने बादलीभर पाणी उकळून त्यावर वाकणं बंद करा. फ्लूपेक्षा भाजण्याचा आणि शॉकचा त्रास मोठा होतो.

घरी जायचा मोह होतो. पहिले तीन-चार दिवस जाऊ नका. बंद काचांच्या बसमध्ये सहा तास खोकत बसणं आणि घरी पोचून आजीच्या कुशीत शिरणं, दोन्ही वाईट. ६५ वर्षांवरच्यांना फ्लू फार जड जातो. इथे बघणारं कुणीच नसेल तर मास्क लावून, शक्यतो खासगी वाहनाने, खिडकी उघडी ठेवून जा.

थांबायचं नाही अशी लक्षणं

धाप लागणे, छातीत दुखणे, बेडक्यात रक्त, ओठ किंवा नखं निळसर, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, उभं राहताच चक्कर, आठ तासांत लघवी नाही, सतत उलट्या. ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आकडा. नखांना पॉलिश किंवा बोटं गार असतील तर आकडा चुकतो, पुसून आणि चोळून पुन्हा घ्या. आणि एक फसवं लक्षण: ताप उतरला, दोन दिवस बरं वाटलं, आणि मग खोकला वाढून ताप पुन्हा चढला. न्यूमोनिया बऱ्याचदा असाच येतो.

यातलं काहीही दिसलं तर रिक्षा शोधत बसू नका, १०८ लावा. पुणे स्टेशनजवळचं ससून, मंगळवार पेठेतलं महापालिकेचं कमला नेहरू, पिंपरीतलं यशवंतराव चव्हाण स्मृती ही मोठी सरकारी रुग्णालयं आहेत. तापाची वही, औषधांच्या पट्ट्या आणि झाकणावरच्या कागदाचा फोटो बरोबर न्या. सोबत्याने रुग्णाला दारात सोडून परत फिरायचं नाही, घरचं माणूस येईपर्यंत थांबायचं.

पुन्हा कॉलेजात

पॅरासिटामॉल न घेता सलग २४ तास ताप नसेल तर वर्गात जायला हरकत नाही, पुढचे काही दिवस मास्क लावून. पोरं याआधीच जातात, कारण ७५ टक्के हजेरी. डॉक्टरांकडे गेल्याच दिवशी तारखांसह प्रमाणपत्र मागून घ्या. महिनाभराने मागितलेलं कुणी देत नाही आणि दिलं तर कॉलेज मानत नाही. प्राध्यापकांनाही एक विनंती आहे. तापात वर्गात येऊन बसलेल्या मुलाचं कौतुक करू नका, त्याच्या बाकावरचे आणखी दोघे पुढच्या आठवड्यात येणार नाहीत.

व्यायामाची घाई नको. फ्लूनंतर क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते, आणि तेव्हा जोर लावणं धोक्याचं असतं. जिम, ढोल कमरेला बांधणं, सिंहगड हे ताप गेल्यानंतर किमान आठवडाभर लांब ठेवा. आधी पर्वतीच्या पायऱ्या सावकाश चढून बघा. छातीत धडधड किंवा नेहमीपेक्षा जास्त दम वाटला तर डॉक्टरांना दाखवा.

खोकला आणि थकवा दोन आठवडे रेंगाळू शकतात. खोकला त्याहून लांबला, वजन उतरलं, संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला तर फ्लूच्या नावावर ढकलू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात बेडक्याची क्षयरोगाची तपासणी मोफत होते, ती करून घ्या.